दुकान टाकण्याआधी जनगणनेचे चार रकाने वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओत जनगणनेची फाईल स्क्रीनवर उघडून दाखवली आहे. तेच इथे लिहून देतोय, म्हणजे वही घेऊन निवांत बसता येईल.

आधी माझी चूक सांगतो. 2016 च्या मे महिन्यात मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात दुसरं दुकान टाकलं. लहान मुलांचे कपडे, खेळणी, दप्तरं. जागा बघायला गेलो तेव्हा बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईच्या गाड्या, आइस्क्रीमच्या दुकानावर मुलांची झुंबड. म्हटलं, धंदा इथेच! जून उजाडला, चाकरमानी परत गेले आणि बाजार ओस पडला. गणपतीत थोडे दिवस गल्ला भरला, मग पुन्हा शुकशुकाट. चौदा महिन्यांत साडेतीन लाख गेले. आणि मी बीबीए बरं का! आकडे फुकट मिळत होते, मीच बघितले नाहीत.

आता ते आकडे बघू. जनगणना विभागाच्या वेबसाईटवर प्रत्येक जिल्ह्याची 'डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक' मिळते. तिच्या भाग ब मध्ये गाववार आणि शहरांसाठी वॉर्डवार आकडे असतात. रकाने भरपूर आहेत, पण आपल्या कामाचे चार.

1. एकूण लोकसंख्या, पण दोन वेळची

एकच आकडा काही सांगत नाही, दोन शेजारी ठेवा. रत्नागिरी जिल्हा: 2001 ला 16,96,777 आणि 2011 ला 16,15,069. म्हणजे दहा वर्षांत 81,708 माणसं कमी, 4.82 टक्के घट. त्याच काळात महाराष्ट्र जवळपास 16 टक्क्यांनी वाढला, आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा तर 36 टक्क्यांनी. मग मी मे महिन्यात बघितलेली गर्दी कुठली? ऐका. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. तेव्हा चाकरमानी मुंबईत होते, तिथेच मोजले गेले. म्हणजे जनगणना तुम्हाला सीझनचं नाही, बाकीच्या महिन्यांचं गिऱ्हाईक दाखवते. दुकानाचं भाडं मात्र बाराही महिने भरायचं असतं!

2. स्त्रिया आणि पुरुष

रत्नागिरीत 2011 ला पुरुष 7,61,121 आणि स्त्रिया 8,53,948. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. राज्याचा आकडा 929. इतका फरक का, तर कमावते पुरुष नोकरीसाठी बाहेर. घरातली रोजची खरेदी बरीचशी बाईच्या हातात. तिला विचारल्याशिवाय माल भरू नका.

3. 0 ते 6 वयाची मुलं

हा रकाना प्रत्येक गावापुढे असतो. याला एकूण लोकसंख्येने भागा, शंभरने गुणा आणि 2001 च्या टक्क्याशी ताडून बघा. मुलांच्या मालाचं दुकान असेल तर सगळ्यात आधी हाच बघा. मी बघितला तेव्हा उशीर झाला होता.

4. कुटुंबांची संख्या

हा रकाना लोक सोडून देतात, आणि इथेच खरी गंमत आहे. समजा एका गावात आधी 1,000 कुटुंबं आणि 5,000 माणसं होती. दहा वर्षांनी 1,100 कुटुंबं आणि 4,840 माणसं. माणसं घटली, पण चुली वाढल्या! जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. कुलूप लावलेलं घर त्यात येत नाही.

म्हणून आपल्या मालाचे दोन भाग करा. कपडे, चप्पल, बिस्किटं माणशी विकली जातात. कुकर, शेगडी, मिक्सर, बल्ब घरामागे विकले जातात. माणसं घटणाऱ्या गावातही दुसऱ्या प्रकारचा धंदा चालू शकतो. माझ्या त्याच जागेत आज भांडी आणि मिक्सर आहेत. फार मोठा धंदा नाही, पण भाडं निघतं आणि वर दोन पैसे राहतात.

आता तुम्ही विचाराल, 2011 चे आकडे शिळे नाहीत का?

शिळे आहेतच. 2021 ची जनगणना झाली नाही, पुढची 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून ठरली आहे. तोवर जनगणनेतून दिशा घ्या आणि आजची परिस्थिती गावात जाऊन तपासा. शाळेत पाच वर्षांची पटसंख्या विचारा, अंगणवाडीताईंना भेटा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादीही बघा, पण तिच्यात बंद घरंही असतात, ती वजा करा. आणि जागा पसंत करायला मे महिन्यात जाऊ नका. ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी, भर पावसात, दुपारी चार वाजता जा.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या गावाचे किंवा वॉर्डाचे हे चार रकाने 2001 आणि 2011 साठी वहीत उतरवा. समोर आपल्या पहिल्या दहा वस्तू लिहा आणि प्रत्येकीपुढे 'माणशी' किंवा 'घरामागे' अशी खूण करा. नवीन माल भरायचा तो त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण मोजून करा!