अवतरणचिन्हांतील मूल्य आणि त्याचे वाचन

‘पुणे मुठा नदीच्या काठी वसले आहे’ आणि ‘“पुणे” हा शब्द दोन अक्षरांचा आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहिली, तर अवतरणचिन्हाचे खरे कार्य ध्यानात येते. पहिल्या वाक्यातील शब्द एका नगराकडे बोट दाखवतो. दुसऱ्यातील शब्द केवळ स्वतःकडे. अवतरणचिन्ह वाचकाला सांगते, ‘येथे अर्थ लावू नका, अक्षरे जशी आहेत तशीच घ्या.’ संस्कृतात हेच काम ‘इति’ या अव्ययाने साधले जाते. माणसाला हा भेद संदर्भाने उमगतो. संगणकाला मात्र तो नियमाने शिकवावा लागतो, आणि नियम अपुरा राहिला की चुकीचे परिणाम दूरवर जाऊन पोहोचतात.

संगणकाच्या बहुतेक आज्ञावल्या कामाला लागण्यापूर्वी एक साधी मजकुराची फाइल वाचतात. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. माहितीचा साठा कोठे आहे, सांकेतिक शब्द कोणता, किती काळ वाट पाहावयाची, अशा गोष्टी तीत ओळीओळीने लिहिलेल्या असतात. डावीकडे नाव, मध्ये बरोबरीचे चिन्ह आणि उजवीकडे मूल्य, अशी ओळीची सर्वसाधारण घडण असते. ही ओळ उलगडून तिचे घटक वेगळे करणाऱ्या भागास पार्सर असे नाव आहे.

अवतरणचिन्हांची गरज का भासते?

पुढील ओळ पाहा :

निरोप = काम पूर्ण # पुढील आज्ञेची वाट पाहा

अनेक पद्धतींत ‘#’ या चिन्हापासून पुढचा मजकूर टीप म्हणून सोडून दिला जातो. म्हणजे येथे निरोपाचा उत्तरार्ध नाहीसा होईल. निरोपाच्या जागी सांकेतिक शब्द असता, तर तो अर्धाच वाचला गेला असता आणि दार उघडलेच नसते. मूल्याच्या आरंभी वा अखेरी असलेल्या मोकळ्या जागांचेही असेच होते. पार्सर त्या सहसा छाटून टाकतो. मूल्य अवतरणचिन्हांत घातले की आतील ‘#’ आणि मोकळ्या जागा मजकुराचाच भाग ठरतात. ‘गिट’ या आज्ञावलीच्या कॉन्फिगरेशन फाइलीत नेमका हाच नियम आहे.

दुसरी गरज अधिक सूक्ष्म आहे. ‘यामल’ या पद्धतीच्या २००५ सालच्या १.१ या आवृत्तीत शून्याने सुरू होणारी आणि ७ पर्यंतचेच अंक असलेली संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. आता आपल्या चार महानगरांचे दूरध्वनी संकेतांक अवतरणचिन्हांशिवाय लिहून पाहा. दिल्लीचा ०११ वाचला जातो ९, मुंबईचा ०२२ वाचला जातो १८, कोलकात्याचा ०३३ होतो २७ आणि चेन्नईचा ०४४ होतो ३६. त्याच आवृत्तीत नॉर्वे देशाचे ‘एन-ओ’ हे रोमन संक्षिप्त रूप ‘नाही’ या तार्किक मूल्यात बदलते. २००९ सालच्या १.२ या आवृत्तीने हे नियम सुधारले. परंतु तेथेही ०११ ची संख्या ११ होते आणि आरंभीचे शून्य गळतेच. शिवाय १.१ चे नियम पाळणारे पार्सर आजही वापरात आहेत. संकेतांक ही मोजण्याची संख्या नव्हे, ते एक नाव आहे. म्हणून तो अवतरणचिन्हांतच लिहिला पाहिजे.

एकाच चिन्हाचे अनेक अर्थ

येथे अभ्यासकाने एक गोष्ट विसरू नये : सर्व पद्धतींत अवतरणचिन्हाचा अर्थ एकच नाही. युनिक्सच्या १९७९ सालच्या बॉर्न शेलमध्ये एकेरी चिन्हांतील मजकूर अक्षरशः तसाच राहतो, तर दुहेरी चिन्हांत डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या नावाच्या जागी त्याचे मूल्य येते. २०१३ साली पुढे आलेल्या ‘टॉमल’ पद्धतीत दुहेरी चिन्हांत बॅकस्लॅशला विशेष अर्थ असतो, एकेरी चिन्हांत नसतो. ‘जेसन’मध्ये एकेरी चिन्हे चालतच नाहीत. पायथॉन भाषेतील ‘कॉन्फिगपार्सर’ तर अवतरणचिन्हे काढतच नाही; ती मूल्याचा भाग म्हणूनच हाती येतात. यास्तव पार्सर लिहिण्यापूर्वी आपली फाइल कोणत्या पद्धतीची, हे निश्चित करावे आणि त्या पद्धतीचे लिखित नियम वाचावेत.

घाईचे उपाय

प्रथमदर्शनी सोपा वाटणारा उपाय असा : मूल्याच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्ह दिसले की ते काढून टाकावे. परंतु "अथ" ते "इति" असे मूल्य आले, तर हाती उरते अथ" ते "इति. पहिले आणि शेवटचे चिन्ह एकमेकांची जोडी नव्हतेच! तसेच, चिन्हे काढण्याआधीच ओळ ‘#’ पाशी तोडली, तर अवतरणात सुरक्षित ठेवलेला मजकूरही कापला जातो.

बॅकस्लॅशच्या बाबतीत आणखी एक चूक संभवते. बॅकस्लॅशनंतर रोमन ‘एन’ आले की नवी ओळ, आणि दोन बॅकस्लॅश लागोपाठ आले की एक बॅकस्लॅश, असा नियम पुष्कळ पद्धतींत आहे. संपूर्ण मूल्यावर हे बदल एकामागून एक केले, तर दोन बॅकस्लॅश आणि ‘एन’ या क्रमातील दुसरा बॅकस्लॅश ‘एन’शी जोडला जाऊन जेथे नको तेथे नवी ओळ पडते.

योग्य रीत

या सर्व अडचणींचे मूळ एकच : ओळ तुकड्यातुकड्याने पाहिली गेली. ती डावीकडून उजवीकडे, एका वेळी एक चिन्ह घेत, एकदाच वाचावी आणि प्रत्येक क्षणी आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे स्मरणात ठेवावे.

१. बरोबरीच्या पहिल्या चिन्हापाशी नाव आणि मूल्य वेगळे करावे. मूल्यातही ते चिन्ह असू शकते.

२. मोकळ्या जागा ओलांडल्यावर पहिलेच चिन्ह अवतरणाचे असेल, तरच मूल्य अवतरणातील मानावे. ज्या चिन्हाने आरंभ झाला, त्याच चिन्हाने शेवट होईल.

३. अवतरणाच्या आत टीपेचे चिन्ह साधे अक्षर समजावे. बॅकस्लॅशला विशेष अर्थ असल्यास तो आणि पुढचे चिन्ह एकत्र घेऊन लगेच निकाल लावावा.

४. अवतरण संपल्यावर केवळ मोकळी जागा वा टीप येऊ द्यावी. अन्य काही आले, अथवा अवतरण मिटलेच नाही, तर अंदाज न बांधता ओळीचा क्रमांक सांगून चूक दाखवावी.

५. मूल्य अवतरणात होते, ही नोंद जपावी. तिच्यावाचून संख्या "०११" आणि साधे ०११ यांतील भेद पुढे कळणार नाही. तसेच रिकामे अवतरण आणि मूल्यच नसणे यांतील फरकही पुसला जाईल.

चौथा नियम कठोर वाटेल, पण तोच सर्वांत हितकारक आहे. अंदाजाने पुढे गेलेला पार्सर चूक लपवतो, आणि ती कित्येक दिवसांनी भलत्याच ठिकाणी प्रकट होते. शब्दलेखनाच्या साधनातून उतरवलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हे येतात. ती बहुतेक पद्धतींना अवतरणचिन्हे म्हणून ठाऊकच नसतात. अशी ओळ दाखवून दिली, तर माणूस क्षणात दुरुस्ती करू शकतो.

पार्सर सिद्ध झाल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. मूल्य वाचावे, नियमानुसार पुन्हा फाइलीत लिहावे आणि परत वाचावे. रिकामे मूल्य, टोकांना मोकळी जागा असलेले, ‘#’ असलेले, आत अवतरणचिन्ह असलेले आणि बॅकस्लॅशने संपणारे, अशी पाच मूल्ये तरी या फेऱ्यातून जशीच्या तशी बाहेर पडली पाहिजेत. लिहिणाऱ्याने जे अक्षर ठेवले ते वाचणाऱ्याच्या हाती अविकृत पोहोचावे, एवढेच अवतरणचिन्हाचे मागणे आहे.