ऑपरेशननंतरचे ताट

वाचनभाग: मार्क ५:३५-४३



याइराची मुलगी उठून चालू लागली, तेव्हा प्रभूने घरच्यांना तिच्या जेवणाची आठवण करून दिली. बरे झालेल्या माणसालाही कोणीतरी रांधून वाढावे लागते. जठराच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्यांच्या बाबतीत हे फार खरे आहे.

मुळशी तालुक्यातल्या कातकरी वस्त्यांवर काम करताना मी पाहते की, ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागू शकतो. अडचण सुरू होते ती घरी आल्यावर. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, पण ते तांदूळ-गहू. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. कर्करोगाच्या रुग्णाला ती योजना लागू नाही. जखम भरायला आणि अंगात ताकद यायला लागतात प्रथिने, आणि त्यांचीच ताटात वाण असते.

१. थोडे थोडे, पण वारंवार
जठर काढले किंवा लहान झाले की दोन वेळचे पोटभर जेवण झेपत नाही. दिवसातून सहा वेळा, वाटी-वाटी, नीट चावून खावे. पाणी जेवणाबरोबर न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे. जेवून लगेच आडवे होऊ नये. गोड चहा किंवा गुळाचे पाणी प्यायल्यावर घाम, धडधड, जुलाब होतात. घरचे घाबरतात आणि खाणेच बंद करतात. खरे तर गोड कमी करावे, खाणे चालू ठेवावे.

२. प्रथिने किती?
साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ४० किलोच्या बाईला ४८ ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर (३० ग्रॅम) कोरड्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम असतात. मऊ खिचडीत डाळ जास्त घालावी. ओढ्यातले मासे काटे काढून, सुकट धुऊन बारीक करून, शेंगदाण्याचे कूट नाचणीच्या आंबिलीत घालून देता येते. महागड्या डब्यातली पावडर नसली तरी या जिन्नसांवर बरेच भागते.

३. बी-१२ चे इंजेक्शन
पूर्ण जठर काढल्यावर अन्नातले बी-१२ जीवनसत्त्व शरीराला घेता येत नाही. शरीरातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून त्रास उशिरा दिसतो: हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे. तोवर ऑपरेशन सगळे विसरलेले असतात, आणि नसांचे नुकसान कधी कधी भरून येत नाही. हे इंजेक्शन ठरलेल्या वेळी आयुष्यभर घ्यावे लागते.

दिवाळीनंतर वस्तीतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. रुग्ण एक तर सोबत जातो, नाहीतर मागे एकटा राहतो. दोन्हीकडे सहा वेळा वाढणारे कोणी नसते आणि इंजेक्शनची तारीख चुकते. म्हणून स्थलांतराआधीच आशाताईंशी बोलून तारखा कागदावर लिहून द्याव्यात.

भेटीला जाताना फळांऐवजी अंडी, मूगडाळ, शेंगदाणे न्या. महिन्यातून एकदा वजन करा. वजन घटत असेल, गिळताना अडकत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. आतड्याचे ऑपरेशन असेल तर पथ्य वेगळे असते. रुग्णालयाने दिलेला आहाराचा कागद वाचून दाखवा.

विचारासाठी
१. आपल्या मंडळीच्या ओळखीत ऑपरेशन होऊन घरी आलेले कोण आहे? त्यांच्या ताटात आज काय होते?
२. भट्टीच्या हंगामात मागे राहिलेल्या एका रुग्णाची डाळ-अंडी आपण किती महिने उचलू शकतो?