131 दाणे इकडं, 175 दाणे तिकडं

पोरी, लेकरांना घरीच शिकवायचं तू ठरवलंस तेव्हा मी अडवलं नाही. आई मन लावून शिकवत असेल तर लेकराचं नुकसान होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण परवा टीव्हीवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची बातमी लागली आणि थोरल्यानं विचारलं, "आजी, आपल्या राष्ट्रपतीला मत द्यायला तू कधी गेली होतीस?" तू म्हणालीस, हा धडा मोठेपणी घेऊ. तेवढ्यासाठी आज हे सांगायला बसले. सात आणि दहा वर्षांच्या लेकरांना हा धडा कळतो. फक्त तो दिल्लीपासून शिकवायचा नाही, आपल्या उंबऱ्यापासून शिकवायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी राष्ट्रपतींची नावं वर्गाकडून पाठ करून घ्यायची. राजेंद्रप्रसाद, राधाकृष्णन, झाकिर हुसेन, गिरी... लेकरं घडाघडा म्हणायची. एक दिवस विचारलं, यांना निवडलं कुणी? सगळ्या वर्गानं हात वर केला, "आपण!" त्या दिवशी मला कळलं की मी पाढे म्हणून घेतले, गणित शिकवलंच नाही. तू नावांपासून सुरुवात करू नकोस.

सुरुवात आपल्या कर्नाटकातल्या खटकचिंचोळीच्या पंचायतीपासून कर. दोघांना हाताला धरून कार्यालयात ने, भिंतीवरचा नावांचा फळा वाचायला लाव. मग विचार, अध्यक्षाला मत कुणी दिलं? आपण सगळे वॉर्डातला सदस्य निवडतो, आणि ते सदस्य एकत्र बसून अध्यक्ष निवडतात. आता महाराष्ट्रात, उदगीरजवळच्या खेड्यात राहणाऱ्या मावशीला फोन लावून दे. तिच्या गावात अध्यक्ष नसतो, सरपंच असतो, आणि त्याला गावकरी थेट मत देतात. एकच बोली, एकच सोयरीक, पण मधल्या सीमेमुळं निवडायच्या दोन तऱ्हा. हे सीमेवरच्या लेकराला जितकं लवकर समजतं तितकं पुण्या-मुंबईच्या लेकराला समजत नाही. मग सांग, आपला राष्ट्रपती आपल्या पंचायतीच्या अध्यक्षासारखा निवडतात. आपण आमदार आणि खासदार निवडतो, ते राष्ट्रपती निवडतात. सरकार चालवायचं काम पंतप्रधानांचं, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी तुलना तिथंच थांबव.

मत कुणाला असतं, हे पक्कं करून घे. लोकसभा आणि राज्यसभेतले निवडून आलेले खासदार, आणि राज्यांच्या विधानसभांतले निवडून आलेले आमदार. दिल्ली आणि पुदुच्चेरीचेही. नेमलेल्यांना मत नाही आणि विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. इतकं पुरे.

आता खरी गंमत. तुरीचा डबा खाली घे आणि दोन वाट्या मांड. एका वाटीत 131 दाणे मोजायला लाव, दुसरीत 175. मोजताना घाई करू नकोस. धाकटीला दहा-दहाचे ढीग करू दे, चुकली तर पुन्हा मोजू दे. पहिली वाटी म्हणजे आपल्या आमदाराचं एक मत. दुसरी म्हणजे उदगीरच्या आमदाराचं एक मत. थोरला लगेच म्हणेल, हा अन्याय आहे. म्हणू दे. तो चिडला की समज, धडा लागू पडला.

मग पाटीवर भागाकार मांड. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, आणि येईल त्याला पुन्हा हजारानं. कर्नाटकाची लोकसंख्या 2,92,99,014, आमदार 224, उत्तर 131. महाराष्ट्राची 5,04,12,235, आमदार 288, उत्तर 175. म्हणजे तिकडच्या एकेका आमदारामागं माणसं जास्त, म्हणून त्याच्या मताचं मूल्य जास्त. उत्तर प्रदेशाचं 208, सिक्कीमचं अवघं 7. सात दाणे धाकटीच्या तळहातावर ठेव आणि मूठ मिटायला सांग.

थोरला हुशार आहे, विचारेल, एवढीच माणसं कशी? कारण ही 1971 ची शिरगणती आहे. ज्या राज्यांनी कुटुंब लहान ठेवलं त्यांचं वजन त्यापायी घटू नये, म्हणून जुनाच आकडा धरून ठेवलाय. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे छापून येईपर्यंत तोच चालायचा. तुझं लग्न व्हायच्या आधीची, माझ्या तरुणपणाची माणसं अजून मोजली जातायत, असं सांग. लेकरांना ते फार आवडतं.

खासदारांचं मूल्य असं काढतात की सगळ्या आमदारांचं मिळून जे वजन, तेवढंच सगळ्या खासदारांचं व्हावं. 2022 ला एका खासदाराचं मत 700 चं होतं. आता आपल्या बीदर जिल्ह्याचा हिशेब करून घे. औराद, भालकी, बीदर, बीदर दक्षिण, हुमनाबाद, बसवकल्याण, सहा आमदार. सहा गुणिले 131 म्हणजे 786. आपला एक खासदार 700. कोण भारी, हे लेकरांनाच सांगू दे.

याच ओघात घरची गोष्टही सांग. 1952 ला राजेंद्रप्रसादांच्या निवडणुकीत आपल्या भागाच्या आमदारांनी हैदराबाद राज्याचे आमदार म्हणून मत दिलं. तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सगळं बीदर जिल्ह्यातच होतं. 1956 ला राज्यं मोडून नवी झाली, आणि 1957 ला त्याच राजेंद्रप्रसादांना आपल्याकडून म्हैसूर राज्याचं मत गेलं, उदगीरकडून मुंबई राज्याचं. गाव जागचं हललं नाही, तरी वाट्या वेगळ्या झाल्या. मावशीची वाटी आणि आपली वाटी वेगळी का, याचं खरं उत्तर हे आहे, आणि ते पुस्तकातल्या धड्यात सापडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मतदान घे. एकाच दिवशी सगळं कोंबू नकोस, दाण्यांचा दिवस वेगळा ठेव. गल्लीतली लेकरं बोलाव, नऊजण जमव. उमेदवार तीन: शेंगाची पोळी, हुग्गी आणि धपाटं. बटणं नाहीत, चिन्हं नाहीत. कागदावर नावापुढं 1, 2, 3 असे आकडे घालायचे, जे सर्वांत आवडतं त्याला 1. पेन जांभळ्या शाईचंच आण. निवडणूक आयोगही मतदानाच्या वेळी तसलंच पेन हातात देतो, स्वतःचं चालत नाही. कागद गुलाबी घे, कारण आमदारांची मतपत्रिका गुलाबी असते आणि खासदारांची हिरवी.

आमच्याकडं मागच्या सुट्टीत घेतलं तेव्हा शेंगाच्या पोळीला 4, हुग्गीला 3 आणि धपाट्याला 2 मतं पडली. थोरला उड्या मारायला लागला. मी म्हटलं, थांब. जिंकायला निम्म्याच्या वर लागतात, नवांत पाच. चारांवर कुणी जिंकत नाही. मग सर्वांत मागं राहिलेलं धपाटं बाद केलं आणि त्याच्या दोन चिठ्ठ्या उलगडून 2 कुणाला आहे ते बघितलं. दोन्हींवर हुग्गी. तीन आणि दोन पाच, हुग्गी जिंकली. थोरल्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्याला जवळ घेतलं, पण निकाल बदलला नाही. तूही बदलू नकोस. रडतं लेकरू बघून आईचा हात कागदाकडं जातो, तो आवर.

त्या रात्री त्याला 1969 ची गोष्ट सांगितली. वराहगिरी व्यंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात चुरस होती, आणि तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जिंकायला 4,18,169 लागत होती. गिरींना पहिल्या मोजणीत 4,01,515 मिळाली, रेड्डींना 3,13,548, देशमुखांना 1,12,769. पुढं असूनही गिरी निवडून आले नाहीत. मागच्यांच्या चिठ्ठ्या उलगडत गेले, देशमुखांच्याही, तेव्हा गिरी 4,20,077 वर पोचले आणि रेड्डी 4,05,427 वर राहिले. देशमुख हरले, पण त्यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीवाचून निकाल लागला नाही. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे धपाट्याची मतं वाया गेली नाहीत." मी त्याला एवढंच शिकवायला बसले होते.

कोण चांगला, कोण वाईट, हे मात्र घरात सांगत बसू नकोस. या निवडणुकीत पक्षालाही हुकूम काढता येत नाही, आमदार-खासदारानं आपल्या मनानं आणि गुप्त मत द्यायचं. 2007 ला प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या. शिवसेनेची युती समोरच्या भैरोसिंह शेखावतांच्या बाजूची, तरी सेनेनं मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मतं दिली. त्या 6,38,116 विरुद्ध 3,31,306 अशा निवडून आल्या आणि देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. जळगावकडची बाई! मी रेडिओपाशी बसून निकाल ऐकला होता, ते आठवलं की अजून ऊर भरून येतो.

लेकरांना बारीकसारीक गोष्टी लक्षात राहतात, त्या राखून ठेव. 2022 ला रिकाम्या मतपेट्या दिल्लीहून राज्यांच्या राजधान्यांत विमानानं गेल्या. पेटीचं वेगळं तिकीट, नाव 'मिस्टर बॅलट बॉक्स', आणि अधिकाऱ्याशेजारची जागा. धाकटीला हे सांग, ती चार दिवस पेटी घेऊन फिरेल. आणि हेही सांग की त्या वर्षी 4,754 मतं पडली, त्यांतली 53 बाद झाली. कायदे करणाऱ्यांचीच. आकडा नीट काढ, असं धाकटीला सांगायचं झालं की मी हेच सांगते.

जिंकलेल्या द्रौपदी मुर्मू आधी शाळेत शिकवायच्या, आणि 1997 मध्ये रायरंगपूरच्या नगरपंचायतीत नगरसेविका झाल्या. आपल्या कर्नाटकातले बी. डी. जत्ती जमखंडीच्या नगरपालिकेपासून वर चढले आणि 1977 मध्ये काही महिने राष्ट्रपतींचं काम बघत होते. पंचायतीतला तो फळा बघायला पुन्हा जाशील तेव्हा ही दोन नावं काढ.

पुढची निवडणूक 2027 च्या जुलैपर्यंत व्हायची. तोवर थोरल्याला मोठे भागाकार येतील, धाकटी पाढे म्हणेल. तुरीचे दाणे मी वेगळे बांधून मधल्या खोलीतल्या फडताळात ठेवलेत, एका पुडीत 131, दुसरीत 175. वरणात घालू नकोस. मतमोजणीच्या दिवशी दोन्ही पुड्या सोड आणि आधी धाकटीला 306 पुरते आहेत का ते मोजू दे.