एरंडतैलातील रिसिनोलिक आम्ल : उद्योग आणि औषधिनिर्माण

एरंड अर्थात गंधर्वहस्त हे आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्य. चरकाचार्यांनी वृष्य व वातहर द्रव्यांत एरंडमूळ श्रेष्ठ मानले. आमवात, कटिशूल, विबंध अशा व्याधींत एरंडतैल आपण सर्वजण योजतो. सिंहनाद गुग्गुळ व गंधर्वहरीतकी हे कल्प तर त्यावाचून सिद्धच होत नाहीत. तथापि बाजारातील बहुतांश एरंडतैल औषधासाठी नव्हे, तर उद्योगांसाठी तयार होते, ही गोष्ट औषधिनिर्मात्यांनी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

रासायनिक स्वरूप

या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे 85 ते 90 टक्के रिसिनोलिक आम्ल असते. त्याच्या रेणूत 18 कार्बन अणू, नवव्या कार्बनपाशी दुहेरी बंध आणि बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. हा हायड्रॉक्सिल गट तीळ, शेंगदाणा आदी तेलांतील नेहमीच्या मेदाम्लांत नाही. एरंडतैलाची घनता, चिकटपणा आणि मद्यार्कात मिसळण्याचा गुण मुख्यत्वे यामुळेच आहे.

औद्योगिक उपयोग

पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडतैलच वापरीत. आज या तेलाचे हायड्रोजनीकरण करून मिळणाऱ्या 12-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लापासून लिथियम ग्रीस बनते. तीव्र अल्कलीसह तापविल्यास सेबॅसिक आम्ल मिळते. त्यापासून नायलॉन 6,10 तयार होते. रिसिनोलिक आम्लाच्या मिथिल एस्टरचे उष्णतेने विघटन केल्यास अंडेसिलेनिक आम्लाचा मार्ग खुला होतो. ते नायलॉन 11 चा कच्चा माल असून दद्रूवरील आधुनिक मलमांतही येते. गंधकाम्लाच्या प्रक्रियेने होणारे 'टर्की रेड ऑईल' कापडरंगाईत, तर निर्जलीकृत तेल रंग-वार्निशात वापरतात. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून त्यात गुजरातचा वाटा मोठा आहे.

विरेचन-कार्मुकता

लहान आतड्यातील लायपेज या विकराने तेलाचे विघटन होऊन रिसिनोलिक आम्ल मोकळे होते. ते ईपी-3 या प्रोस्टाग्लँडिन ग्राहीवर कार्य करून आंत्रगती वाढविते, असे 2012 साली जर्मन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. गर्भाशयाच्या आकुंचनामागेही त्यांना हाच ग्राही आढळला. गर्भिणीस एरंडतैल देताना आवश्यक असलेल्या सावधगिरीस यामुळे अधिकच पुष्टी मिळते.

प्रतीचा प्रश्न

बीज दाबून प्रथम निघणारे तेल उत्तम. त्यानंतर पेंडीत उरलेले तेल हेक्झेनसारख्या विद्रावकाने काढतात. ते हीन प्रतीचे व उद्योगांपुरतेच योग्य. रिसिन हे विषारी प्रथिन तेलात न उतरता पेंडीत राहते. म्हणून पेंड औषधिशाळेत आणूच नये.

काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा औषधिशाळेत सिंहनाद गुग्गुळाच्या एका बॅचला उग्र वास येऊ लागला. शोध घेता, घाऊक व्यापाऱ्याने ग्रीस-कारखान्यांसाठीचे तेल दिल्याचे उघड झाले. बिलावर केवळ 'कॅस्टर ऑईल' एवढाच उल्लेख होता आणि आम्हीही प्रत विचारली नव्हती. संपूर्ण बॅच नष्ट करावी लागली. दोष व्यापाऱ्याइतकाच आमचाही होता.

व्यवसायबंधूंसाठी सूचना

1. मागणीपत्रात व बिलावर 'आय.पी.' प्रत स्पष्ट लिहून घ्यावी. प्रत्येक डब्यासोबत बॅच क्रमांक व पृथक्करण-दाखला मागावा.

2. निर्जल मद्यार्कात तेल मिसळून पाहावे. शुद्ध एरंडतैल स्वच्छ मिसळते. गढूळपणा आल्यास अन्य तेलाच्या भेसळीची शंका घ्यावी.

3. ही परीक्षा भेसळ सुचविते, प्रत नव्हे. त्यासाठी आम्लमूल्य तपासावे. ते 2 पेक्षा अधिक नसावे. आयोडीन मूल्य साधारणतः 82 ते 90 असावे.

4. मूर्च्छना हा उत्तम तेलावर करावयाचा संस्कार आहे. हीन प्रतीचे तेल त्याने औषधयोग्य होत नाही.

5. 2000 साली लागू झालेल्या अनुसूची 'टी' नुसार कच्च्या द्रव्यांच्या तपासणीच्या नोंदी ठेवाव्यात.

ज्या हायड्रॉक्सिल गटामुळे उद्योगांना हे तेल हवे आहे, तो हीन प्रतीच्या तेलातही असतोच. म्हणून ग्रीस-कारखान्यास चालणारे तेल रुग्णाच्या कोष्ठास चालेल, असे गृहीत धरू नये. डबा उघडण्यापूर्वी दाखला वाचणे, हा द्रव्यपरीक्षेचाच भाग होय.