नऊ वॉट म्हणजे किती प्रकाश?

दुकानात आपण ‘नऊ वॉटचा बल्ब द्या’ असे म्हणतो. पण वॉट हे प्रकाशाचे माप नव्हे. बल्ब वीज किती वेगाने खर्च करतो त्याचे ते माप. प्रकाश मोजतात ल्युमेनमध्ये.

टंगस्टनच्या तारेचा ६० वॉटचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन प्रकाश देतो. बाकी बहुतेक सारी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून तर त्याचा चटका बसतो! एलईडीमध्ये तार तापवावी लागत नाही. अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन रिक्त जागेत उतरताना सुटणारी ऊर्जाच प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्यामुळे ९ वॉटमध्ये ८०० ते ९०० ल्युमेन सहज मिळतात. रोज ५ तास याप्रमाणे ३० दिवसांत पहिला ९ युनिट वीज खातो, दुसरा केवळ १.३५.

पण सगळे एलईडी सारखे नसतात. समजा, एका खोक्यावर ९ वॉट, ७२० ल्युमेन आणि दुसऱ्यावर ८ वॉट, ८०० ल्युमेन छापले आहे. ल्युमेनला वॉटने भागा: ८० आणि १००. ‘जास्त वॉटचा’ म्हणून पहिला घेणारा वीजही जास्त जाळील आणि वाचायलाही अंधुक उजेडात बसेल.

एलईडीही थोडा तापतोच. त्याला बंद काचेच्या गोळ्यात कोंडले, तर आतले इलेक्ट्रॉनिक भाग लवकर निकामी होतात.