पुनःपडताळणी आणि सहकार्य : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संदर्भात

१.

संशोधनातील निष्कर्ष संशोधकाच्या अधिकारावर स्वीकारावयाचा नसतो. तो इतरांना तपासून पाहता आला पाहिजे, ही शास्त्रीय संशोधनाची मूलभूत अट होय. या अटीचे दोन स्तर संभवतात. त्याच सामग्रीवर तीच पद्धत योजली असता तोच निष्कर्ष हाती यावा, हा पहिला स्तर. नव्याने मिळालेल्या सामग्रीपुढेही तो टिकावा, हा दुसरा. ही अट तत्त्वतः सर्वमान्य असली, तरी व्यवहारात ती कितपत पाळली जाते, हा प्रश्न २०१५ मध्ये ठळकपणे पुढे आला. त्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाले होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. एवढ्यावरून उरलेले सर्व निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. तथापि एकेकट्या संशोधकाला सहसा न झेपणारी ही तपासणी २७० लेखकांच्या सहकार्याने आणि सामग्री परस्परांना खुली केल्यामुळे शक्य झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

२.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. पाठचिकित्सेच्या क्षेत्रात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने त्याचे एक उत्तर फार पूर्वीच दिले आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रारंभ १९१९ मध्ये झाला आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. १९२५ मध्ये वि. सी. सुखटणकर यांच्याकडे प्रमुख संपादकत्व आले व या कार्याला निश्चित पद्धतीची बैठक लाभली. प्रचलित संहितेतील श्लोक तुलनापत्रकाच्या वरच्या ओळीत एकेका अक्षरास एकेक घर देऊन लिहावयाचा आणि प्रत्येक पोथीतील भेद त्या त्या अक्षराखालील घरात नोंदवावयाचा, असा क्रम होता. पुण्याबरोबरच शांतिनिकेतन व तंजावर येथेही पोथ्यांची तुलना झाली. निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या आणि निरनिराळ्या ठिकाणचे शास्त्री यांचे काम एकत्र जुळले, ते या समान पत्रकामुळे. पद्धतीवाचून सहकार्य म्हणजे केवळ गर्दी, हे येथे स्पष्ट होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाकारलेल्या पाठांची व्यवस्था. संपादकांनी मूळ संहितेत न घेतलेले श्लोक तारांकित करून तळटीपांत, तर दीर्घ प्रकरणे परिशिष्टांत दिली. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा परिशिष्टात गेली. परंतु ती लुप्त झाली नाही. संशयित पाठांखाली नागमोडी रेघ देऊन संपादकांनी आपली अनिश्चितताही नोंदविली. मादलेन बियार्दो यांच्यासारख्या अभ्यासकांना अशा आवृत्तीची कल्पनाच मान्य नव्हती. पण असा विरोधकही याच तळटीपांच्या आधारे संपादकांचा निर्णय तपासू शकतो.

३.

वर निर्देशिलेल्या दुसऱ्या स्तराची कसोटीही या आवृत्तीस लागली. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाल्यानंतर नेपाळमधील त्या पर्वाची एक प्राचीन पोथी उपलब्ध झाली. संपादनात तिचा उपयोग झालेला नव्हता. सुखटणकरांनी तिची छाननी करून ती प्रसिद्ध केली, तेव्हा सिद्ध केलेल्या संहितेस अनेक स्थळी तिचा दुजोरा मिळाल्याचे दिसून आले. अर्थात पोथी ही प्रयोगाप्रमाणे पुन्हा करून पाहता येत नाही. ती सापडावी लागते. साम्याला येथे मर्यादा आहे. परंतु नवे साक्ष्य कोणत्या निर्णयांना अनुकूल वा प्रतिकूल आहे हे ठरविता आले, याचे कारण ते निर्णय आधीच नोंदलेले होते.

४.

याच्या तुलनेत मराठीतील एक थोर उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, ही त्यांची भूमिका आधुनिक पाठचिकित्सकालाही पटावी. परंतु त्यांनी कोणत्या पोथ्या पाहिल्या आणि कोणते पाठ वगळले, याची नोंद त्या प्रतीत नाही. त्यांचा हेतू ग्रंथाच्या पावित्र्याचे रक्षण हा होता. उत्तरकालीन संशोधकांच्या अपेक्षा त्यांच्यावर लादणे अन्यायाचे होईल. तथापि परिणाम असा झाला, की एकनाथपूर्व संहितेचा शोध घेणाऱ्यास त्यांच्या निर्णयावर श्रद्धा ठेवता येते, त्याची तपासणी करता येत नाही.

५.

साहित्यकृतीचा अर्थ दोन अभ्यासकांना एकसारखाच लागावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु त्या अर्थापर्यंत जाणारी वाट दुसऱ्यास चालून पाहता यावी, ही अपेक्षा रास्त आहे. ‘एका जुन्या पोथीत असे आढळते’ एवढेच लिहिणारा प्रबंध ती वाट बंद करतो. पोथी कोठे आहे, तिचा क्रमांक व पत्र कोणते, कोणता पाठ का सोडला आणि नक्कल मूळ पोथीशी कोणी ताडून पाहिली, हे चार तपशील विद्यार्थी व मार्गदर्शक यांनी मिळून नोंदविल्यास प्रबंधाची काही पृष्ठे वाढतील. पण त्यामुळे पुढील अभ्यासकाला सर्व काही मुळापासून करावे लागणार नाही, अथवा पूर्वसूरींचे निमूटपणे मान्यही करावे लागणार नाही.