तुटलेलं टोक समुद्रात फेकू नका



पावसाळी बंदी उठून बरेच दिवस झाले, पाणी निवळलं, आणि ओबीएमच्या होड्या इसवणासाठी दोऱ्या ओढायला लागल्या आहेत. (ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग या दोन शब्दांचा आपल्याकडे नेहमी घोळ होतो. ट्रॉलर जाळं ओढतो. हे लिहितोय ते चालत्या होडीमागे दोरी आणि गरी ओढण्याबद्दल.)

गेल्या आठवड्यात एक सभासद ऑफिसात आले ते तावातावानेच. "सेक्रेटरी, ही तार बघा. तीन दिवसांत दोन इसवणं गेली. दुकानदाराने फसवलं." मी विचारलं, तुटलेली टोकं कुठं आहेत? एक त्यांनी रागाने समुद्रात फेकलं होतं. दुसरं होडीतच पडलं होतं, ते मुलाला पाठवून आणवलं. टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं होतं. दुकानदाराचा काही दोष नव्हता. तार तुटलीच नव्हती, गरीजवळचा पीळ सुटला होता.

हे मला लगेच कळलं, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. विशीत असताना काकांबरोबर होडीवर जायचो. तार बांधायचं काम माझ्याकडे. एका सकाळी मोठं इसवण लागलं, दोरी अशी सुटली की हाताला चटका बसला, आणि दहा-बारा सेकंदांत सगळं ढिलं. काका काही बोलले नाहीत. तारेचं वळलेलं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि दिवसभर ते खिशात ठेवायला लावलं. त्या दिवशी आम्ही पेट्रोलचे पैसेसुद्धा काढले नाहीत.

तर पहिली गोष्ट. दोरी रिकामी आली की टोक फेकायचं नाही. ते होडीत एका डब्यात ठेवा. मासा का गेला ते त्या टोकावर दिसतं. अंदाजाने नवी तार, नवी गरी घेत बसलात तर पैसे जातील आणि चूक तशीच राहील.

वेटोळं असलेलं टोक म्हणजे पीळ सुटला. आता पीळ कसा द्यायचा ते सांगतो, कारण शापोऱ्यापासून तळपणपर्यंत मी जिथं जिथं पाहिलं तिथं निम्म्या लोकांचा पीळ चुकीचाच असतो.

आपण वापरतो ती एकपदरी स्टीलची तार. इसवणासाठी 0.45 ते 0.55 मिलिमीटर जाडीची पुष्कळ झाली. 0.45 ची चांगली तार साधारण 30 किलोचा ताण सहज घेते. तार गरीच्या नेढ्यातून ओवा आणि टोक चार बोटं लांब ठेवा. नेढ्यापाशी छोटा फास करून तो पकडीत धरा. आता दोन्ही तारा एकमेकींना रुंद कोनात ओलांडू द्या, फुलीसारख्या, आणि दोन्ही मिळून पिळा. इथेच चूक होते. बहुतेक जण मुख्य तार सरळ ताणून धरतात आणि फक्त टोक तिच्याभोवती गुंडाळतात. दिसायला पीळ छान दिसतो, पण सरळ तारेवर गुंडाळलेली तार जोराच्या ओढीला सरकत जाते आणि शेवटी डुकराची शेपटी होऊन बाहेर येते. सुंभाचे दोन पदर जसे एकमेकांभोवती सारखेच फिरतात, तशा दोन्ही तारा फिरल्या पाहिजेत. असे चार-पाच फुलीचे पीळ.

त्यानंतर उरलेलं टोक मुख्य तारेला काटकोनात वळवा आणि चिकटून चिकटून चार-पाच वेढे द्या, स्प्रिंगसारखे. हे वेढे फुलीच्या पिळाला उघडू देत नाहीत. नुसते वेढे किंवा नुसते फुलीचे पीळ, एकट्याने दोन्ही निकामी.

शेवटी टोक पकडीने कापायचं नाही. कापलं की सुईसारखं अणकुचीदार टोक उरतं, आणि मासा वर घेताना तेच तळहातात घुसतं. टोक मुरडून छोटं हँडल करा आणि मुख्य तारेच्या दिशेने मागे-पुढे हलवा. दोन-चार वेळा हलवलं की ते वेढ्याजवळ गुळगुळीत तुटतं. वरून बोट फिरवून बघा, काही लागता कामा नये.

ज्या घरांत ताई-वहिनी दोऱ्या बांधून देतात त्यांचे पीळ बहुधा चांगले असतात, असा माझा अनुभव आहे. घाई नसते म्हणून असेल. पहाटे काळोखात जेटीवर बांधलेली तार आणि आदल्या संध्याकाळी दिव्याखाली बांधलेली तार यांत फरक पडतोच.

दुसऱ्या प्रकारचं टोक. वेटोळं नाही, पण तार एका कोनात वाकून तिथंच तुटलेली. ही मुरड. तार ढिली पडली की तिचा लहान गोल फास होतो, आणि पुन्हा ताण आला की तो फास आवळून मुरड पडते. पुष्कळ जण ती पकडीने सरळ करून तीच तार परत सोडतात. स्टील एकदा तसं मुरडलं की त्या जागी ते कमजोर झालं. नव्या तारेने 30 किलो ओढले तरी मुरडलेली तार पाच-सहा किलोच्या माशाच्या एका झटक्याला जाते. म्हणून प्रत्येक मासा काढल्यावर तारेवरून नख फिरवा. नख अडकलं की तो तुकडा गेला. अर्धा मीटर तार किती रुपयांची, आणि इसवण आज जेटीवर किती रुपये किलो, हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

तिसरं टोक सगळ्यांना चकवतं. तार, गरी, शिसं, सगळंच गेलेलं, आणि वरची तंगूस ब्लेडने कापावी तशी साफ कापलेली. लोक म्हणतात दुसऱ्या होडीच्या पंख्यात गेली. कधी तसं होतंही. पण फिरकीच्या थोडंच वर कापलेली असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या इसवणाचं काम. इसवण थव्याने फिरतं आणि चमकेल त्यावर तोंड टाकतं. पितळेची मोठी चकचकीत फिरकी त्याला तारल्यासारखीच दिसते. फिरकी काळी आणि जमेल तितकी लहान घ्या, ताण मात्र तारेइतका घेणारी. जुनी चकचकीत फिरकीच वापरायची असेल तर काळ्या मार्करने रंगवा. मी रंगवतो, काही दिवस टिकतं.

त्याहून बरं म्हणजे तार आणि तंगूस यांच्यामध्ये फिरकी ठेवूच नका. फिरकी चार-पाच मीटर वर, शिशाजवळ असू दे. तारेला वरच्या टोकाला वर सांगितला तसाच पीळ देऊन एक लांबट अरुंद फास करा, केसांच्या पिनेसारखा. तंगूस त्या फासातून घाला, फासाच्या दोन्ही तारांवर दहा-बारा वेढे द्या, वेढे फासाच्या वळणाकडे सरकत गेले पाहिजेत, आणि तंगूस ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने बाहेर काढा. आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी तंगूस आवळताना घासून गरम होते आणि तिथंच कमजोर पडते. ही गाठ सुटली तर तंगुसाचं टोक कुरळं होऊन येतं, ते चौथं टोक समजा.

बरेच जण प्लास्टिक चढवलेली अनेकपदरी तार वापरतात. ती मऊ असते, मुरड लवकर पडत नाही. तिला पीळ देता येत नाही, स्लीव्ह दाबावी लागते. तारेला तांब्याची स्लीव्ह लावा. अ‍ॅल्युमिनियमची स्लीव्ह तंगुसासाठी असते. स्टीलच्या तारेवर ती लावून खाऱ्या पाण्यात सोडली की दोन वेगळ्या धातूंमुळे अ‍ॅल्युमिनियम खात जातं, पांढरी भुकटी होते. स्लीव्ह तारेच्या मापाचीच हवी. दाबायला तिची वेगळी पक्कड मिळते. साध्या पकडीच्या कापायच्या धारेने दाबली तर आतली तार अर्धी कापली जाते. आणि स्लीव्ह टोकापर्यंत दाबू नका, दोन्ही कडा थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर कडच तार कापते. प्लास्टिकखाली गंज लपतो, तेव्हा महिन्याभराने एकदा स्लीव्हजवळचं प्लास्टिक सोलून बघा.

इसवण बऱ्याचदा आमिषाची फक्त शेपटी तोडून नेतं. त्यासाठी पहिल्या गरीच्या नेढ्यात छोट्या तारेने दुसरी गरी जोडायची, ती शेपटीकडे राहते. तिथंही पीळ तोच. लोक वरचा पीळ नीट देतात आणि या छोट्या तुकड्यावर घाई करतात. मासा मात्र नेमका त्याच गरीला लागतो.

आता तांब्याच्या तारेबद्दल. दोन-तीन तरुण सभासदांनी मोबाइलवर बघून विचारलं, की अमेरिकेत तांब्याची तार ओढतात, मग आपण मोटर वाइंडिंगची तार का नाही वापरायची? अमेरिका आणि कॅनडामधल्या मोठ्या गोड्या तळ्यांत सॅल्मन आणि ट्राउटसाठी तांबं वापरतात हे खरं. पण ती बारीक तारा पिळून केलेली दोरी असते, शे-दोनशे मीटर आणि जास्तही तंगुसाला जोडलेली. तांबं जड, म्हणून शिसं न लावता दोरी आपोआप खोल जाते. हळू ओढली तर शंभर फूट सोडल्यावर साधारण वीसेक फूट. माशाच्या तोंडाशी तांबं नसतंच, तिथं पुन्हा तंगूस. वाइंडिंगची तार मऊ आणि एकपदरी. अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार चार-साडेचार किलोला ताणून तुटते, तेवढ्याच जाडीची स्टीलची तार त्याच्या सात-आठपट घेते. शिवाय आपण इसवणासाठी होडी जास्त वेगात चालवतो. तेव्हा वाइंडिंगची तार पंख्यासाठीच राहू द्या.

आणि हाताचं. मासा होडीजवळ आला की तार हाताला गुंडाळायची सवय आपल्यातल्या जुन्या-जाणत्यांनाही आहे. इसवण शेवटच्या क्षणी होडीखाली घुसतं. तार हातावर असेल तर सोडायला वेळ मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका तांडेलांचं बोट असंच गेलं, आणि त्या मोसमात ते परत होडीवर आले नाहीत. हातमोजा घाला, तार मुठीत धरा, वेढा घेऊ नका, आणि गाफ तयार ठेवा. मासा गेला तर जाऊ दे.

घरी आल्यावर तारा, गऱ्या, फिरक्या गोड्या पाण्यात धुऊन सुकवा. फिरकी दोन्ही बाजूंनी ओढत फिरवून बघा. फिरली नाही तर टाकून द्या, कारण अडकलेली फिरकी दोरीला पीळ चढवते आणि त्यातूनच पुढे मुरड पडते.

ते सभासद परवा पुन्हा आले होते. त्यांच्याकडून ऑफिसच्या टेबलावर दहा पीळ करवून घेतले. पहिले सहा दाराच्या कडीला अडकवून ओढल्यावर सुटले. शेवटचे चार टिकले. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी सोसायटीच्या शेडमध्ये तार आणि पक्कड घेऊन बसणार आहे. ज्यांच्याकडे तुटलेली टोकं असतील त्यांनी ती बरोबर आणावीत.